श्रद्धांजलीपर कविता तपासताना आधी कान लावा

पहिल्यांदा कविता मोठ्याने वाचा, मगच पेन्सिल घ्या. श्रद्धांजलीच्या कवितेत भावनेने आपण लगेच भारावतो आणि रचना निसटते.

एक ओळ घेऊ: 'तुझ्या पावलांनी मला वाट केली'. तुझ्यापा, वलांनी, मलावा, टकेली. प्रत्येक गटात लघु-गुरु-गुरु (आखूड-लांब-लांब उच्चाराची अक्षरं), म्हणजे 'य' गण (तीन अक्षरांचा गट) चारदा, 12 अक्षरे: भुजंगप्रयात हे वृत्त. इथे नवखे हमखास अडखळतात ते 'तुझ्या'पाशी. पुढे जोडाक्षर आहे म्हणून 'तु' गुरु धरतात. पण उच्चारात 'तु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघुच. 'सत्य'मधल्या 'स'वर मात्र आघात येतो, तो गुरु. पुस्तकातला नियम आणि जीभ यांत वाद झाला, तर मराठीत जिभेचं ऐका.

गण जुळत नसतील तर मात्रा मोजा (लघूची एक, गुरूच्या दोन). तरीही नाही जमलं तर अक्षरं मोजा. मोठ्या अभंगात चार चरणांत 6, 6, 6, 4 अशी अक्षरं येतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात असतं, शेवटी शोधत बसू नका.

यमकात 'केली-गेली' भक्कम, 'केली-बोली' सैल. सैल यमक दिसलं की लगेच दोष देऊ नका. कधी नेमका शब्द राखण्यासाठी कवी यमक सोडतो, आणि मला ते आवडतं.

पुनरावृत्तीला सर्वांत जास्त वेळ द्या. ध्रुवपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) किंवा दिवंगताचं नाव दरवेळी कशानंतर येतं ते समासात लिहा. पहिल्या कडव्यातलं 'तू येशील' आठवणींनंतर आलं तर आशा वाटते. तेच शब्द मृत्यूच्या उल्लेखानंतर आले की विलाप होतात.