‘ताई, तुम्हीच करून टाका ना’: सामाजिक संस्थांमधल्या माणसांचे काही प्रश्न

प्रश्न : आदिवासी भागातल्या एका संस्थेत मी सहा वर्षं फिल्डवर होते. यंदा प्रकल्प समन्वयक केलं. हाताखाली अकरा कार्यकर्ते. काही वयानं मोठे, कालपर्यंत माझ्याबरोबर एकाच गाडीवर फिरणारे. अहवाल, फोटो, प्रवासबिलं, काहीच वेळेवर येत नाही. बोललं की ‘ताई आता साहेब झाल्या’. शेवटी रात्री बसून मीच सगळं करते. मला नेतृत्व जमत नाही का?

न जमायला अजून सुरुवात कुठे झालीय? तुम्ही जुनंच काम करताय, वर अकरा जणांचं आणखी. चांगल्या कार्यकर्त्याला बढती मिळाली की पहिलं वर्ष बहुधा असंच जातं.

त्या अहवालाचंच बघा. कार्यकर्ता लिहून पाठवतो : ‘गृहभेटी ४२, पालकसभा १, अडचणी : निरंक.’ तुम्हाला माहीत असतं की त्या महिन्यात नाल्याला पूर आला होता, दोन पाड्यांवर कुणी पोचलंच नव्हतं. तुम्ही ते रात्री दुरुस्त करता आणि सकाळी पाठवून देता. त्याला कळतच नाही की ‘निरंक’ चूक होतं. मग पुढच्या महिन्यातही निरंक!

या महिन्यात तो कागद घेऊन त्याच्या शेजारी बसा. ‘दादा, पुराच्या आठवड्यात काय केलंत?’ एवढंच विचारा. तो जे सांगेल ते त्यालाच लिहायला लावा. पहिले दोन महिने उशीर होणार, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

काही कामं आपल्याशिवाय होणारच नाहीत, असं आपल्याला मनापासून वाटत असतं. गडचिरोलीत आरोग्यावर काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेनं काय केलं ते आठवा. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं हे डॉक्टरचंच काम, असं सगळे धरून चालले होते. संस्थेचे संस्थापक डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ते गावातल्या, थोडं शिकलेल्या बायकांना शिकवलं. ३९ गावांत घरच्या घरी बाळांची काळजी घेतली गेली, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं आणि १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पण त्या बायकांना नुसती सुई हातात देऊन सोडलं नव्हतं. आधी प्रशिक्षण, मग प्रत्येक बाळाची लेखी नोंद, आणि ती नोंद नियमित येऊन तपासणारं माणूस. आपल्याकडे काम सोपवतात म्हणजे ग्रुपवर मेसेज टाकतात, आणि ते झालं नाही की ‘आजकाल कुणाला जबाबदारीच नको’ म्हणून मोकळे होतात.

वयानं मोठे असलेल्यांशी सोमवारच्या बैठकीत चौघांसमोर बोलू नका. एकेकाला वेगळं भेटा आणि ‘कुठलं काम पूर्णपणे तुमच्याकडे घ्याल?’ असं विचारा. पदाबद्दल माफी मागितल्यासारखं बोलू नका. प्रवासबिलांना एकच नियम : पाच तारखेनंतर आलेलं बिल पुढच्या महिन्यात. हे अकाउंटंटनं सांगावं, तुम्ही नाही, आणि तुमचं स्वतःचं बिल उशिरा गेलं तर तेही अडकू द्या. ‘साहेब झाल्या’वर एकदा हसा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

प्रश्न : संस्था सुरू करून तीस वर्षं झाली, माझं वय ७१. मुलाला यात रस नाही. दुसरी फळी तयारच होत नाही. चांगली मुलं दोन-तीन वर्षांत सोडून जातात. आजच्या पिढीत तळमळच नाही का?

सर, आधी एक सांगा. गेल्या महिन्यात तुमच्या सहीशिवाय किती रुपये खर्च झाले? प्रिंटरची शाई आणायलाही तुमचीच सही लागत असेल, तर तिशीतल्या मुलानं तिथं थांबून काय शिकावं? विश्वस्त मंडळाचा ठराव करा : अमुक रकमेपर्यंतचा खर्च कार्यक्रम प्रमुखाच्या सहीनं होईल. त्या मर्यादेत त्याचा एखादा निर्णय चुकला, तर तो सर्वांसमोर फिरवू नका. तळमळ किती आहे ते त्यानंतर दिसेल.

घरच्यांबद्दल. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३मध्ये सुरू झाला. बाबा आमटेंनंतर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, आता त्यांची मुलं दिगंत आणि अनिकेत. म्हणजे पुढच्या पिढीकडे काम जाण्यात वावगं काही नाही, पण ती पिढी त्याच कामात राबत असावी लागते. तुमच्या मुलानं स्पष्ट ‘नाही’ म्हटलंय. उगीच झुलवत ठेवलं नाही, याबद्दल त्याचे आभारच माना.

आता कागद. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट-१चा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा, उतारा काढा. जुन्या संस्थांत त्यावर दिवंगत विश्वस्तांची नावं तशीच असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२नुसार विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत द्यायचा असतो. तो दिलेला नसला की नेमकं बँकेत सही बदलताना अडतं, आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर पगार थांबतात. वकील गाठा आणि हे याच वर्षी मिटवा.

आणखी एक, जरा स्पष्टच. ‘मार्गदर्शक’ होऊन त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसणार असाल तर पदाचा राजीनामा देऊन उपयोग नाही. माणसं सवयीनं तुमच्याकडेच येतील. ‘त्यांना विचारा’ म्हणून परत पाठवणं हेच मग तुमचं काम.

प्रश्न : मराठी माध्यमातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलंय. निधी देणाऱ्या कंपनीचे लोक भेटीला आले की इंग्रजीमुळे मी गप्प बसतो. लीडरशिपचा कोर्स लावू का?

कोर्सनंतर बघू. संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे मंजूर झालेले निधीचे प्रस्ताव मागून घ्या आणि वाचा. तेच शे-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तेवढं इंग्रजी सहा महिन्यांत येतं. तोवर हिंदीत बोला, पण गावाचं नाव आणि आकडा घेऊन बोला. गाडीतून दिवसभरासाठी आलेल्या पाहुण्यांना तेच हवं असतं. कोर्स लावायचाच तर संस्था पगारी रजा देते का आणि परतल्यावर कुठलं नवं काम देणार, हे आधी विचारा. नुसत्या सर्टिफिकेटसाठी पैसे घालवू नका.

प्रश्न : पगारवाढ मागितली की ‘आपण समाजकार्य करतो’ असं उत्तर मिळतं. शिवाय सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत) पगारावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही म्हणतात. खरं का?

नाही. ही पाच टक्क्यांची गोष्ट इतक्या बैठकांत ऐकलीय की आता चीड येते. २०२१च्या सुधारित नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेतल्या शिक्षकाचा, आरोग्यसेविकेचा, समन्वयकाचा पगार त्यात मोजत नाहीत. परदेशी देणगीचा हिशेब वेगळा : त्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच. पण तिथेही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. एखादी कंपनी स्वतःहून कमी पगार मंजूर करते, ही गोष्ट निराळी. त्याला कायद्याचं नाव देऊ नये.

समाजकार्याच्या मुद्द्यावर भांडत बसू नका, त्यात तुम्ही हराल. पुढचा प्रस्ताव तयार होताना बजेटच्या तक्त्यासमोर बसायला मागा. तुमच्या पदाच्या ओळीत कुठला आकडा लिहिलाय तो बघा आणि तिथेच बोला. प्रस्ताव एकदा गेला की वर्षभर संचालकांच्याही हातात फारसं काही उरत नाही.