तीस वर्षं एका ओळीत

चि.,
अनेक आशीर्वाद.

पांडुरंग सदाशिव खानखोज्यांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांची 1913 ची गदर पार्टी, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी झुंज, जखमी होऊन पकडलं जाणं, निसटणं, मग बर्लिन, मॉस्को. वाचताना श्वास रोखला जातो. आणि त्यानंतर ही ओळ : ‘पुढे ते मेक्सिकोत स्थायिक झाले.’ पोरी, माणसाची तीस वर्षं गुंडाळलीस गं!

मला विचारशील तर त्यांची खरी कसोटी तिथंच लागली. 1924 साली मेक्सिकोत पोचले तेव्हा वय चाळिशीच्या घरात. भाषा परकी, आणि इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, त्यामुळे घरची वाट बंद. लढाई संपलेली नाही, पण आपल्या हाती बंदूकही नाही. अशा वेळी या माणसानं मका हाती घेतला. अमेरिकेत शेतीचं शिक्षण झालं होतंच. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. तेओसिंते हे मक्याचं रानटी भावंड. मक्याशी त्याचा संकर करून पाहिला. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. बंदुकीइतकंच मन लावून हे कणसांचं काम लिही. छायाचित्रकार टीना मोदोत्तीनं काढलेले त्यांचे नि त्यांच्या मक्याचे फोटो मिळव. कणसं मोजायला बस, मग लिहायला घे.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचं भित्तिचित्रही नीट बघ. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे. भोवती माणसं बसलेली, आणि टेबलाच्या टोकाशी पाव मोडणारा माणूस. ते आपले खानखोजे. मी प्रथम त्याचा फोटो पाहिला तेव्हा किती तरी वेळ पान उलटवलं नव्हतं.

‘मायभूमीच्या आठवणीनं ते व्याकूळ होत’ हे वाक्य मात्र काढ. पत्र किंवा आठवण हाताशी असेल तरच मनातलं लिहावं. 1936 साली त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. त्या घरात मराठी किती उरली असेल, हे शोध. सापडलं नाही तर जागा मोकळी सोड.

परतीचं म्हणशील तर परदेशात राहिलेल्या क्रांतिकारक मादाम कामांचं उदाहरण शेजारी ठेव. राजकारणात पडणार नाही अशी लेखी हमी दिल्यावरच त्यांना 1935 साली मुंबईला येता आलं, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये त्या वारल्या. खानखोज्यांना तर 1949 साली स्वतंत्र देशाच्या सरकारनंच बोलावलं होतं. तरी विमानतळावर अडवलं, कारण जुन्या यादीत नाव तसंच होतं!

या प्रसंगाला एकही विशेषण लावू नकोस. आधी एवढंच लिहून पाठव, बाकीचं मग बघू.

तुझा,
काका