प्रवासापुरते इंग्रजी आणि मला महागात पडलेले एक ‘येस’

ताई, आपण लिहिले आहे की दोन महिन्यांनी मुलीकडे इंग्लंडला एकटीने जायचे आहे, शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, वाचलेले इंग्रजी बऱ्यापैकी समजते, पण कोणी काही विचारले की तोंडातून फक्त ‘येस, येस’ बाहेर पडते. आणि म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या संभाषणवर्गाला जावे का, असे आपण विचारले आहे. ते ‘येस, येस’ वाचले आणि २०१८ मधली मीच मला दिसले, त्यामुळे उत्तर लांबले आहे. मी इंग्रजीची शिक्षिका नाही. टपाल खात्यात तीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली, पंचवटीत राहणारी बाई आहे, आणि जे सांगते आहे ते दोन वेळच्या प्रवासावरून सांगते आहे. व्हिसा, विमा यांविषयी मला विचारू नये. तिकिटांचे नियमही बदलत असतात, तेव्हा ते मुलीकडून तपासून घ्यावेत.

‘व्हेअर इज’, ‘हाऊ मच’, डावे-उजवे हे आपल्याला येतेच, त्यावर मी वेळ घालवत नाही. वर्गाविषयी माझे मत कडवट आहे. पहिल्या खेपेआधी मी शहरातल्या एका वर्गात तीन महिने जात होते आणि तिथे बारा काळ पाठ करून घेतले. तिकीटखिडकीवर पूर्ण भूतकाळ मला आजवर कोणी विचारलेला नाही. ज्या एका गोष्टीने माझे पैसे आणि दिवस बुडाले, ती तिथे कोणी शिकवली नाही.

घडले असे. इंग्लंडमधल्या माझ्या मुलीच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर माझ्या मैत्रिणीची मुलगी राहते. तिच्याकडे एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतायचे होते. आमची मुलगी कामावर गेली होती, म्हणून मी एकटीच स्थानकावर गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारले, ‘सिंगल ऑर रिटर्न?’ सिंगल म्हणजे एका माणसाचे नव्हे, एका बाजूचे, हे मुलीने शिकवून ठेवले होते. मी ऐटीत ‘रिटर्न’ म्हटले. मग त्याने विचारले, ‘यू आर नॉट कमिंग बॅक टुडे?’ प्रश्न मला संपूर्ण समजला, हे महत्त्वाचे. आज परत येणार नाही ना? हो, नाही येणार. म्हणून मी ठामपणे म्हटले, ‘येस’. त्याने नारिंगी पट्ट्यांची दोन तिकिटे दिली, एक जायचे आणि एक यायचे. ती त्याच दिवसापुरती चालणारी होती. तिकडे त्याला डे रिटर्न म्हणतात.

दुसऱ्या दिवशी परतीच्या स्थानकावर फाटकाच्या यंत्रात तिकीट घातले, तर ते वरून परत बाहेर आले, लाल दिवा लागला आणि समोर ‘सीक असिस्टन्स’ अशी अक्षरे उमटली. ‘सीक’ शब्द मला ठाऊक नव्हता; मी तो ‘सिक’ वाचला आणि क्षणभर मला वाटले की यंत्र मला आजारी समजते आहे. मागे माणसे खोळंबली होती. फाटकाजवळच्या मुलीने तिकिटावरच्या तारखेवर बोट ठेवले. मला नवे तिकीट काढावे लागले, आणि तिकडे नुसते जायचे तिकीट कित्येकदा जाऊन-येऊन तिकिटापेक्षा थोडेच स्वस्त असते, म्हणजे प्रवासाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला.

आपल्या भाषेत ‘हो’ हा समोरच्याच्या बोलण्याला असतो. ‘चहा नको ना?’ म्हटले की आपण ‘हो, नको’ म्हणतो आणि यजमानीण कप खाली ठेवते. इंग्रजीत ‘येस’ हा वस्तुस्थितीला असतो. प्रश्न कसाही विचारलेला असो, येणार असाल तर ‘येस’ आणि येणार नसाल तर ‘नो’. माझ्या ‘येस’चा अर्थ त्या माणसाने ‘येणार आहे, आजच’ असा घेतला आणि त्याच्या भाषेप्रमाणे तो बरोबर होता, हे मान्य करायला मला पुष्कळ दिवस लागले.

त्या रेल्वे कंपनीच्या तक्रार कार्यालयाला मात्र मी अजून माफ केलेले नाही. नाव देत नाही. खिडकीवर सांगितले की तक्रार संकेतस्थळावर करा, मुलीने केली, तीन आठवड्यांनी उत्तर आले की तिकीट मागणीनुसारच दिले गेले होते. मीही खिडकीत बसले आहे, वेळप्रसंगी गिऱ्हाइकावर खेकसलेही आहे, पण एखादी म्हातारी चुकीचा फॉर्म घेऊन निघाली तर तिला ‘आजी, थांबा’ म्हणायची रीत आमच्याकडे होती.

तेव्हा माझा सल्ला असा, आणि तो कोणाला पटला नाही तरी चालेल: प्रवासात नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणूच नये, वस्तुस्थिती सांगावी. ‘कमिंग बॅक ऑन थर्सडे.’ ‘वन बॅग ओन्ली.’ ‘नो कनेक्टिंग फ्लाइट.’ वाक्य व्याकरणात बसले नाही तरी अर्थ निसटत नाही. याचा सराव घरी होतो. दुसऱ्या खेपेआधी महिनाभर मी यजमानांना सांगून ठेवले होते की दिवसातून दहा प्रश्न नकारार्थी विचारायचे. ते पेपरातून डोके वर न काढता ‘यू आर नॉट गोइंग टू गंगा टुडे?’ असे विचारत (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) आणि मी पिशवी उचलता उचलता ‘आय ॲम गोइंग’ म्हणे. पहिले आठ दिवस निम्मी उत्तरे चुकली.

असाच घोळ ‘समोर’ या शब्दाचा होतो. बँकेच्या दारापुढे उभे राहिले तरी आपण समोर म्हणतो आणि रस्त्यापलीकडे उभे राहिले तरी समोरच. इंग्रजीत पलीकडच्या बाजूला ‘ऑपोझिट’ आणि दारापुढे ‘इन फ्रंट ऑफ’. बसथांबा चुकीच्या बाजूचा धरला तर बस उलट दिशेला नेते, म्हणून हे दोन शब्द पक्के करावेत. वेळेचे म्हणाल तर तिकडचे लोक ‘हाफ सेव्हन’ म्हणतात तेव्हा साडेसात वाजलेले असतात. ‘फोर्टीन’ आणि ‘फॉर्टी’ कानाला सारखेच लागतात. फलाट किंवा बसचा क्रमांक ऐकला की ‘वन फोर?’ असा सुटा करून विचारावा. ‘परवा’साठी लांबलचक शब्दरचना जुळवत बसण्यापेक्षा वाराचे नाव घ्यावे.

कान तयार करण्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. नाशिकरोड स्थानकावर फलाट तिकीट काढून तासभर बसावे. तिथे तीच उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते, त्यामुळे अर्थ आधी कळलेला असतो आणि इंग्रजी नुसते ऐकायचे असते. तिकडचे उच्चार निराळे आहेत हे खरे, पण वाक्यातून क्रमांक आणि वेळ वेचून काढायची सवय इथेच लागते.

२०२३ मध्ये मी त्याच स्थानकावर पुन्हा गेले. खिडकीवर मुलगी होती. ‘रिटर्न. कमिंग बॅक ऑन थर्सडे,’ मी म्हटले. तिने मान वर करून विचारले, ‘नॉट टुडे, देन?’ माझ्या ओठांवर ‘येस’ आलेच होते; ते गिळून ‘नो, थर्सडे’ म्हणायला मला बहुधा पाच सेकंद लागले. तिकिटे हातात आल्यावर खिडकीपासून न हलता मी दोन्हींवरची तारीख वाचली. मागे रांग होती, ती थांबली.