जुनं ग्रिल आधी खालून बघा

प्रश्न : नमस्कार ताई. ओळखीतले एक जण तीन बर्नरचं जुनं गॅस ग्रिल विकत आहेत. बाहेरून चकाचक आहे. ‘धूळ पुसा आणि पेटवा’ असं ते म्हणतात. मला यातलं काही कळत नाही. काय बघून घेऊ?

उत्तर : झाकण शेवटी बघा. आधी गुडघे टेकून बसा आणि टॉर्च घेऊन ग्रिलच्या पोटाखाली डोकवा. बर्नर ज्यात बसतात त्या पेटीला फायरबॉक्स म्हणतात आणि ग्रिलचं आयुष्य तिच्यावर ठरतं. बर्नर, जाळ्या, नळी, रेग्युलेटर, ठिणगीचं बटण, चाकं हे सगळं बदलता येतं. पेटीच कुजलेली असेल, तर बाकीचं नवं बसवायचं कशावर?

मी पर्सच्या कप्प्यात एक छोटा लोहचुंबक ठेवते. पेटी ओतीव अॅल्युमिनियमची असेल, तर तो चिकटत नाही. असं अॅल्युमिनियम दिसायला मळकट करडं असतं, कधी त्यावर पांढुरकी भुकटी धरलेली असते, पण ते लोखंडासारखं गंजत नाही. चुंबक चिकटला, तर पेटी लोखंडी पत्र्याची किंवा हलक्या स्टेनलेस स्टीलची आहे असं समजा. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ४३० या दोन जाती ग्रिलमध्ये नेहमी दिसतात. ३०४ ला चुंबक जवळजवळ धरत नाही आणि ती गंजाला जास्त टिकते. ४३० ला तो चटकन चिकटतो. पत्र्याच्या पेटीत चरबी आणि ओल साचणारे कोपरे शोधा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले, तर आभार मानून घरी या.

अॅल्युमिनियमचीही एक दुखरी बाजू आहे. ते साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. तळाशी साचलेल्या चरबीने कधी मोठा पेट घेतला असेल, तर पेटी वाकलेली किंवा भोक पडलेली सापडते. झाकण लावून बघा. एका बाजूला फट राहत असेल, तर कारण विचारा.

मी घेतलेलं पहिलं जुनं ग्रिल आरशासारखं लखलखत होतं. झाकणात स्वतःचा चेहरा बघितला आणि भुलले. खाली वाकून बघितलंच नाही. घरी आणून तळाचा ट्रे ओढला, तर पेटीचा मागचा कोपरा भुगा होऊन हातात आला. ते मोडीत गेलं. दुसऱ्या वेळी चिखलाने माखलेलं, हँडल तुटलेलं, कुणाला नको असलेलं वेबर कंपनीचं एक जुनं ‘जेनेसिस’ मॉडेलचं ग्रिल घेतलं. पेटी ओतीव, जाड आणि एकसंध होती. ते आजही माझ्याकडे आहे. जेनेसिस १९८५ साली बाजारात आलं, आणि त्या जुन्या घडणीच्या ग्रिलांना लागणारे बर्नर आणि बर्नरवर बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या इतर कारखानेही बनवतात. म्हणून पैसे देण्याआधी मॉडेल नंबरची पट्टी शोधा, तिचा फोटो काढा आणि सुटे भाग मिळतात का याची खात्री करा. पट्टी बहुधा मागच्या बाजूला किंवा खालच्या कपाटाच्या आत असते.

मालकाला एवढंच विचारा, ‘शेवटचं कधी पेटवलं होतं?’ गेल्या आठवड्यात पेटवलं असेल, तर तुमच्यासमोर पेटवून दाखवायला सांगा. दोन वर्षांपूर्वी म्हणाले, तर मुळीच पेटवू देऊ नका. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : ताई, पडून असलेलं ग्रिल घेतलं. पेटवलं तर ज्योत पिवळी आणि आळशी, एका बर्नरवर मध्येच गायब. मग बटणांच्या बाजूने भप्पकन ज्वाळा आली. घाबरून सिलिंडर बंद केला. बर्नर बदलू का?

उत्तर : सिलिंडर बंद केलात हे अगदी योग्य केलंत. आता आतली सफाई होईपर्यंत तो जोडूच नका.

बर्नरच्या बटणाकडच्या टोकाला एक रुंद तोंडाची नळी असते, व्हेंचुरी. जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोंडातून, सुटणारा गॅस तिथे हवा ओढून घेतो आणि मिसळून पुढे जातो. पडून राहिलेल्या ग्रिलमध्ये कोळी नेमके या नळीत जाळं विणतात, अंडी घालतात. वाट अडली की हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी पडते. अडथळा मोठा असेल, तर गॅस मागे फिरतो आणि बटणांच्या मागे पेट घेतो. तुम्ही पाहिलंत ते हेच.

बर्नर काढा. व्हेंचुरीत लांब लवचिक ब्रश दोन्ही टोकांनी फिरवा. मग बर्नर उजेडासमोर धरून एकेक छिद्र बघा. बुजलेलं छिद्र त्याच मापाच्या तारेने मोकळं करा, जुन्या स्टोव्हला पिन मारायचो तशी, हलक्या हाताने. भोक रुंदावलं, तर ज्योत कायमची बिघडते. ब्रश छिद्रांच्या रांगेवर आडवा फिरवा. रांगेच्या दिशेने घासलं, तर सुटलेला गंज पुढच्याच छिद्रात जाऊन बसतो. दोन छिद्रं गंजून एक झाली असतील किंवा बर्नरला चीर असेल, तर तो टाकून द्या. जेट मऊ दातकाडीने पुसा. त्यात तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि त्याचं माप म्हणजेच ज्योतीचं माप.

बसवताना व्हेंचुरीचं तोंड जेटवर नीट चढलंय का हे खाली वाकून डोळ्यांनी बघा. एवढी एक गोष्ट बघायची राहिली, म्हणून मी एकदा सगळी सफाई दुसऱ्यांदा केली आहे. ज्योत निळी आणि स्थिर हवी, टोकाला किंचित पिवळी झाक चालते.

आणि नळी व रेग्युलेटर नवे घ्या. जुन्या ग्रिलबरोबर आलेली नळी मी कधीच वापरत नाही, ती कितीही चांगली दिसो. पत्र्याला ठिगळ लावते, लाकडी फळी कापून बसवते, दुसऱ्या ग्रिलचं चाक याला जोडते. पण गॅसच्या वाटेवर टेप, सीलंट, घट्ट बसवलेली भलत्या मापाची नळी, यांतलं काहीही मी केलेलं नाही आणि तुम्हीही करू नका. नवं बसवल्यावर सगळी बटणं बंद ठेवून सिलिंडर उघडा. भांड्यांचा द्रवसाबण आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन प्रत्येक सांध्यावर ब्रशने लावा. बुडबुडे फुगायला लागले, तर सिलिंडर बंद करून सांधा पुन्हा आवळा, पुन्हा बघा. तरीही फुगले, तर तो भाग बदलायचा. काडी लावून गळती शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि कपाटाच्या तळाशी वाट बघत बसतो.

प्रश्न : झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पडतात. रंग सुटतोय. पुन्हा रंगवू का?

उत्तर : तो रंग नाही. धूर आणि चरबीची वर्षानुवर्षांची काजळी आहे. झाकण कोमट असताना प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, झालं. आतून रंग मुळीच देऊ नका. बाहेरून द्यायचा असेल, तर जास्त उष्णता सोसणारा रंग घ्या आणि आधी तेलकटपणा पूर्ण घालवा.

एक इशारा. ओव्हन साफ करायचे जे तीव्र फवारे मिळतात त्यांतल्या अनेकांत कॉस्टिक सोडा असतो. तो अॅल्युमिनियम खातो, हायड्रोजन वायू सुटतो आणि पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो. चांगल्या पेट्या अशा नासलेल्या बघून मला खरंच वाईट वाटतं. गरम पाणी, साबण आणि वेळ पुरेसा असतो.

प्रश्न : बर्नर धरून ठेवणारे स्क्रू गंजून बसले आहेत. एकाचं डोकं तुटलं. ताई, आता काय?

उत्तर : घाई झाली ना? मलाही समजू शकतं, शेवटच्या चार स्क्रूंपाशी धीर सुटतो.

उरलेल्या स्क्रूंवर गंज सैल करणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने पान्हा फिरवा. चूकून लिहिलेलं नाही, आवळायच्याच दिशेने. गंजाचा थर मोडला की ‘टिक’ असा बारीक आवाज येतो, तो ऐकू आला की उलटं फिरवायला लागा. पाव फेरा सैल, थोडं परत, पुन्हा पाव फेरा. दाद देत नसेल, तर पुन्हा तेल आणि आणखी एक रात्र. तेल लावलेल्या जागी ज्योत धरू नका.

तुटलेल्या स्क्रूच्या मधोमध पंचाने खूण करा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करून भोक वाढवत न्या. अॅल्युमिनियम स्क्रूपेक्षा मऊ असल्यामुळे ड्रिल बाजूला घसरायला बघतं, म्हणून पंचाची खूण खोल हवी. आटे गेले, तर आरपार भोक पाडून मोठा स्टेनलेस बोल्ट आणि मागून नट लावा. या जागी गॅस नाही, त्यामुळे अशी जुळवाजुळव चालते. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं आणि सांधा पुन्हा आवळून बसतो. म्हणून आट्यांवर उष्णता सोसणारी अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावा. पुढच्या वेळी ग्रिल उघडणाऱ्या माणसावर हे उपकार आहेत, आणि बहुधा तो माणूस तुम्हीच असाल.

प्रश्न : सगळं साफ केलं, नवा रेग्युलेटर लावला, सिलिंडर भरलेला. तरी ज्योत अगदी मंद. ग्रिल तापतच नाही.

उत्तर : अनेक ग्रिलांच्या जोडणीत गळती झाल्यास प्रवाह रोखणारी सोय असते. बर्नरची बटणं उघडी असताना सिलिंडर उघडला, किंवा तो झटक्यात उघडला, तर तिला वाटतं नळी फुटली, आणि ती गॅस जेमतेम सोडते. सगळं बंद करा. सिलिंडरची जोडणी सोडवून एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. आता सिलिंडर सावकाश उघडा आणि त्यानंतरच बर्नर. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं.

थंडीत असं होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस कुठला ते बघा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू बनत राहतो, ब्यूटेन मात्र शून्याच्या आसपासच थंडावतो. ब्यूटेन जास्त असलेल्या मिश्रणावर ग्रिल गारठ्यात दमतं.

आणि ग्रिल मुळात कुठल्या गॅससाठी बनलंय हेही पट्टीवर वाचा. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूपेक्षा प्रोपेनच्या तेवढ्याच घनफळात साधारण अडीच पट ऊर्जा असते. म्हणून प्रोपेनचे जेट बारीक असतात. प्रोपेनचं ग्रिल पाइपच्या गॅसवर लावलं, तर मिणमिणतं. उलट केलं, तर भडकतं आणि ते धोक्याचं आहे. त्या मॉडेलचा अधिकृत बदल-संच मिळत असेल आणि जाणकार बसवून देणार असेल, तरच बदला. जेटमध्ये स्वतः ड्रिल घालू नका.

प्रश्न : ताई, बाबांचं ग्रिल आहे. ते गेल्यावर सहा वर्षं झाकून ठेवलं होतं. उघडलं तर पेटीला तळाशी हात जाईल एवढं भोक. पत्रा चिकटवून वाचवता येईल का? त्यांनी हाताने बनवलेली बाजूची फळी अजून घट्ट आहे.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पेटी वाचणार नाही. तळाला भोक असलं की पेटती चरबी खाली गळते, आणि खाली नळी असते, कधी सिलिंडरही. वरून पत्रा ठोकला, तरी उरलेली कड तितकीच कुजलेली असते, तो टिकणार नाही. ते ग्रिल पुन्हा पेटवू नका.

पण त्यातलं बरंच काही पुढे जाऊ शकतं. जाळ्या ओतीव लोखंडाच्या असतील, तर त्या अजून कितीतरी वर्षं चालतील. गंज घासून काढा, धुवा, लगेच पूर्ण कोरड्या करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि साधारण २०० ते २३० अंशांवर तासभर तापवा. असं तीन-चार वेळा केलं की तेलाचा कडक काळा थर बसतो. घासायला तारेचा ब्रश वापरलात, तर नंतर ओल्या फडक्याने जाळी नीट पुसा. सुटलेली बारीक तार अन्नातून घशात गेल्याने लोक जखमी झाले आहेत. जाळीवर काचेसारखं इनॅमल असेल, तर धातूने खरवडू नका. टवका उडाला की तिथून गंज धरतो.

हँडल, थर्मामीटर, चाकं काढून ठेवा. आणि फळी. तिची लांबी-रुंदी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजून कागदावर लिहा. मग तीच मापं घेऊन चांगल्या पेटीचं जुनं ग्रिल शोधा. भोकं जुळली नाहीत, तर लोखंडी कोन लावून फळी बसवता येते, मी तसं केलं आहे. शोधायला दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या. तोवर फळीला पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल पाजा. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग फेका. ग्रिल मिळालं की पेटीचा खालून काढलेला फोटो मला पाठवा, आपण मिळून बघू.