बद्धकोष्ठतेसह आयबीएस असेल तर योग्य उपचार कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) व रक्ततपासण्या निर्दोष आल्या, डॉक्टरांनी 'आयबीएस-सी', म्हणजे बद्धकोष्ठतेच्या प्रकारातला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आतड्याच्या कामातला दीर्घकालीन बिघाड), असे निदान केले, इसबगोल, लॅक्टुलोज (मल मऊ करणारे औषध) आणि एक आयुर्वेदिक चूर्ण घेऊन झाले, तरी पोट दुखणे आणि फुगणे थांबलेले नाही. मी डॉक्टर नाही, हाच विकार बरीच वर्षे सांभाळणारी रुग्ण आहे. मला असे दिसते की आपली सर्व औषधे बद्धकोष्ठता डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली आहेत आणि दुखण्याचा स्वतंत्र विचार कोणी केलेला नाही.

२०१६ च्या रोम-४ या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पोटदुखी असल्याशिवाय आयबीएसचे निदान होतच नाही, म्हणून उपचारही दोन्ही तक्रारींचा हवा. लॅक्टुलोज मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात आणि त्यातून वायू होतो, त्यामुळे आधीच पोट फुगणाऱ्या माणसाला ते देणे मला पटत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीने तसा वायू होत नाही आणि मल मऊ होतो, पण दुखणे फारसे कमी होत नाही. चूर्णाच्या डब्यावरील घटक एकदा वाचावेत. त्यात सोनामुखी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ती आतड्याला आकुंचन पावायला लावत असल्याने पोट साफ होते तसा मुरडाही येतो. इसबगोल मात्र सोडू नये. एका लहान चमच्यापासून सुरुवात करून, भरपूर पाण्यासह, काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. गव्हाच्या कोंड्याने हेच काम होईल असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, परंतु त्यातील तंतू बहुतांशी न विरघळणारे असल्याने आयबीएसमध्ये दुखणे वाढू शकते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहणारा प्रश्न शौचाच्या वेळी स्नायू कसे वागतात हा आहे. शौच करताना पोटातला दाब वाढतो आणि त्याच वेळी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये ते सैल पडण्याऐवजी आवळले जातात. मल मऊ असूनही कुंथावे लागणे, शौच अर्धवट राहिल्यासारखे वाटणे किंवा बोटाचा आधार घ्यावा लागणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती सांगायला संकोच वाटतो म्हणूनच बहुधा ती डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. कोलोनोस्कोपीत आतड्याचे अस्तर दिसते, या स्नायूंचे काम दिसत नाही. त्यासाठी अनुभवी डॉक्टरांनी केलेली गुदतपासणी, ॲनोरेक्टल मॅनोमेट्री (या स्नायूंचा दाब मोजणारी चाचणी) आणि गुदाशयात ठेवलेला, पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर टाकता येतो का हे पाहणारी चाचणी असते. दोष आढळल्यास बायोफीडबॅक, म्हणजे यंत्रावर स्नायूंची हालचाल पाहत त्यांना पुन्हा शिकवणे, हा मुख्य उपचार ठरतो. हा दोष असताना रेचके बदलत बसण्याने फारसे काही साधत नाही.

स्नायू ठीक असतील तर डॉक्टरांना लिनाक्लोटाइड आणि ल्युबिप्रोस्टोन या आयबीएस-सीवरील औषधांबद्दल विचारावे. लिनाक्लोटाइड आयबीएस-सीसाठी २९० मायक्रोग्रॅम, न्याहारीच्या किमान अर्धा तास आधी रिकाम्या पोटी घेतात. त्याने दुखणेही कमी होते, पण शौचातला फरक लवकर दिसतो आणि दुखण्यातला फरक जाणवायला कित्येक आठवडे लागू शकतात. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास. ल्युबिप्रोस्टोन ८ मायक्रोग्रॅम दोन वेळा जेवणासोबत घेतात, कारण त्याने मळमळते. दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन (मूळचे नैराश्यावरचे औषध) सुचवले गेल्यास त्याने बद्धकोष्ठता वाढू शकते हे लक्षात आणून द्यावे. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील किंवा थायरॉइडची तपासणी झालेली नसेल, तर तेही सांगावे, कारण बद्धकोष्ठतेचे मूळ तिथेही असू शकते. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा पंडुरोग (रक्तक्षय) यांपैकी काही नव्याने सुरू झाले तर जुन्या अहवालांवर विसंबून राहू नये.

आहाराबाबत थोडेच सांगते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेल्या लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात सहज आंबणारी कर्बोदके कमी ठेवणाऱ्या, आहारात कांदा, लसूण, गहू, राजमा असे पदार्थ साधारण चार ते सहा आठवडे वगळतात. भात व ज्वारीची भाकरी चालते. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे असते. पुष्कळ जण ही दुसरी पायरी गाळतात आणि तंतूच कमी खाल्ल्यामुळे बद्धकोष्ठता वाढवून घेतात, म्हणून हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा.