‘सायलेंट नाइट’ हळू म्हटलं की जास्त का भिडतं?

तुमचा प्रश्न असा, की तुम्ही ख्रिस्ती नसूनही, कुणी ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचं गाणं हळुवार म्हटलं की तुमचा गळा का दाटून येतो, आणि तेच मॉलच्या स्पीकरवर लागलं तर ढिम्म काही का वाटत नाही?

अहो, ती अंगाई आहे! शेवटची ओळ बाळाला ‘झोप’ म्हणते. मूळ जर्मनमध्येही ‘श्लाफ’, म्हणजे झोपच. चालही तशीच. सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी डुलणारी. सुरुवातीलाच प ध प ग, पुन्हा प ध प ग. पाळण्याला दोन झोके दिल्यासारखं.

मी वसईत चर्चच्या गायनवृंदात गाते. एकदा नाताळच्या सरावाला आमच्यातली एक जण दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. गोधडीत गुंडाळून बाकावर निजवलेलं. त्याला उठवायचं नाही म्हणून कीबोर्ड बंद ठेवला आणि दबक्या आवाजात सुरू केलं. या गाण्यातला सगळ्यात चढा सूर, वरचा मध्यम, नेमका त्या झोपेच्या ओळीतच येतो. एरवी तिथे आम्ही हमखास आवाज लावतो, लोकांना कळायला नको का! त्या दिवशी एकीचा सूर जरा चिरकला आणि बाळाचा खालचा ओठ थरथरला. सगळ्यांचे श्वास अडकले. मग तीच ओळ दुसऱ्यांदा आली, खाली खाली उतरत सगळ्यात खालच्या सा वर टेकली, तोवर ओठ शांत. इतकं चांगलं आम्ही प्रत्यक्ष मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कधीच गायलो नाही.

चढा सूर जोरात लावणं सोपं. तोच हलका ठेवायचा तर दमसास लागतो, आणि गाणाऱ्याने आवरून धरलेलं ऐकणाऱ्याला जाणवतं.

गाणं जन्मलंही लहानशा आवाजातच. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने 1816 मध्ये कविता लिहिली. 24 डिसेंबर 1818 ला त्याने ती फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांना दिली, त्यांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि त्या रात्री ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये दोघांनी गिटारवर ती म्हटली. (उंदरांनी चर्चचा ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट रंगतदार आहे, पण ग्रुबरनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत उंदीर नाहीत.)

ऐकायचंच असेल तर सायमन आणि गारफंकल या अमेरिकी गायकजोडीचं 1966 चं ऐका. दोघे हळू गातायत आणि वर रेडिओच्या बातम्या वाचल्या जातायत, त्यात व्हिएतनामचं युद्धही. बातम्यांचा आवाज वाढत जातो. हे दोघे मात्र आपला आवाज वाढवत नाहीत. हेडफोन लावा आणि रात्री ऐका.