नवा फ्लोअर खरंच चालला का?

प्रश्न : आमच्या लाडक्या फॉर्म्युला वन संघाची गाडी नव्या फ्लोअरनंतर (म्हणजे हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारा तळ) सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर सुसाट होती, मोन्झाच्या ट्रॅकवर ढेपाळली. सुधारणा फसली का?

उत्तर : मोन्झावरून निकाल लावू नका हो! लांब सरळ पट्ट्यांसाठी तिथे सगळेच बारीक विंग (गाडीचे पंख) लावतात, डाउनफोर्स, म्हणजे गाडी रस्त्याला दाबणारा हवेचा जोर, सोडून देतात. मोनॅकोही मी हिशेबात धरत नाही, तिथली वळणं फारच संथ. बार्सिलोनाचं लांबलचक तिसरं वळण मात्र डोळ्यांत तेल घालून बघतो; गाडी तिथे वेगातही रस्त्याला चिकटून राहिली तर फ्लोअर कामाचा. उत्तम कसोटी म्हणजे त्याच संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरची, नवे भाग नसलेली गाडी. २०२३ला ऑस्ट्रियात मॅक्लारेनचे नवे भाग त्यांच्या दोन ड्रायव्हरांपैकी फक्त नॉरिसकडे होते, पियास्त्रीकडे नाही. अशी सोय क्वचितच. एरवी पात्रता फेरीतले सेक्टरच्या (ट्रॅकच्या तीन भागांच्या) वेळा ताडून पाहा. शर्यतीत टायर आणि सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी करायला पुढे धावणारी गाडी) सगळा घोळ घालतात.